जेनेटिक्स लॅबमधली ट्रेनी क्लिनिकल सायंटिस्ट: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) एका जेनेटिक्स लॅबमध्ये ट्रेनी क्लिनिकल सायंटिस्ट आहे, तिसरं म्हणजे शेवटचं वर्ष चालू आहे. पुण्यातले ज्युनियर्स विचारतात, इथे नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, आणि घरच्या कार्यात भेटलेल्या मावश्या-काकवा तर विचारतातच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. पेशंटची खरी केस कुठेही सांगितलेली नाही, जिथे उदाहरण दिलंय तिथे ते समजावण्यापुरतं रचलेलं आहे.

म्हणजे तू डॉक्टर आहेस का?

नाही. डॉक्टर पेशंटला तपासतात, त्यांना शंका येते की आजार जनुकातला असेल, मग ते सँपल पाठवतात. आमच्याकडे येते ती रक्ताची, ईडीटीएची (त्याने रक्त गोठत नाही) जांभळ्या टोपणाची ट्यूब आणि एक फॉर्म. त्यातून कुठली टेस्ट करायची, आलेला डेटा विश्वासाचा आहे का, सापडलेल्या बदलाचा या माणसाच्या आजाराशी संबंध आहे का, आणि हे सगळं डॉक्टरला कळेल अशा भाषेत रिपोर्टमध्ये कसं लिहायचं, हे क्लिनिकल सायंटिस्टचं काम. पेशंट मला क्वचितच दिसतो, पण त्याचं नाव आणि जन्मतारीख रोज डोळ्यासमोर असते.

आणि ‘क्लिनिकल सायंटिस्ट’ हे नाव इथे कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी म्हणजे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणी ते लावू शकत नाही, त्यामुळे मी अजून ट्रेनीच.

मग दिवसभर पिपेट घेऊन बसतेस?

लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. बेंचवरचं बरंचसं काम जेनेटिक टेक्नॉलॉजिस्ट करतात आणि ते त्यात इतके तयार असतात की त्यांच्या शेजारी उभं राहिलं तरी शिकायला मिळतं. पहिल्या वर्षी मी सगळं हाताने केलं, डीएनए काढणं, पीसीआर, सँगर सिक्वेन्सिंग, एमएलपीए, फिश (या सगळ्या डीएनए आणि क्रोमोसोम तपासायच्या पद्धती), क्रोमोसोमच्या स्लाइड बघणं, कारण जी टेस्ट कुठे चुकू शकते हे माहीत नाही तिचा रिपोर्ट लिहिता येत नाही. आता बहुतेक दिवस दोन स्क्रीनसमोर जातो. एका बाजूला सिक्वेन्सिंगचा डेटा, दुसऱ्या बाजूला शोधनिबंध आणि डेटाबेस, आणि मधूनमधून एखाद्या डॉक्टरचा फोन की रिपोर्ट कधी येणार, बाईंना पुढचा निर्णय घ्यायचाय.

एसटीपी एसटीपी म्हणतात ते काय आहे?

सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम. तीन वर्षांचा, एनएचएसमधला, २०११ पासून चालू आहे, आणि बर्मिंगहॅमची नॅशनल स्कूल ऑफ हेल्थकेअर सायन्स तो बघते. तुम्ही एका हॉस्पिटल ट्रस्टमध्ये (एनएचएसची हॉस्पिटलं चालवणारी संस्था) नोकरीला असता आणि सोबत क्लिनिकल सायन्समध्ये पार्ट-टाइम एमएस्सी करता. जिनोमिक्सचे आमचे ब्लॉक मँचेस्टर विद्यापीठात होतात. ट्रेन पकडून जायचं, तिथे देशभरातल्या लॅबमधले ट्रेनी भेटतात, आणि खरं सांगते, कुठल्या लॅबमध्ये एखादी गोष्ट कशी करतात हे मला लेक्चरपेक्षा जेवणाच्या सुट्टीत जास्त कळलं.

जिनोमिक्स ही एसटीपीतली एकच शाखा. कॅन्सर जिनोमिक्स वेगळी आहे, जेनेटिक काउन्सेलिंग म्हणजे पेशंटला आनुवंशिक आजाराबद्दल समजावून सांगणं वेगळं आहे, बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणजे कॉम्प्युटरवर जनुकीय डेटा हाताळणं वेगळं आहे. अर्ज करण्याआधी हे फरक नीट वाचा. ज्यांना माणसांशी बोलायला मनापासून आवडतं ते कधीकधी लॅबच्या शाखेत येतात आणि मग कंटाळतात.

पगार मिळतो की फी भरायची?

पगार मिळतो आणि एमएस्सीची फी आपल्याला भरावी लागत नाही. ट्रेनीला बँड ६ (एनएचएसची पगारश्रेणी), २०२४-२५ मध्ये त्याची सुरुवात वर्षाला ३७,३३८ पौंड होती. नोंदणी झाल्यावर बँड ७ ची जागा मिळाली की त्याच वर्षीच्या तक्त्याप्रमाणे सुरुवात ४६,१४८ पौंड. लंडनमध्ये भत्ता वेगळा मिळतो, घरभाडंही अर्थात वेगळं.

भारतातली डिग्री चालते का?

चालू शकते. सायन्सची संबंधित डिग्री फर्स्ट किंवा टू-वन (इथले पदवीचे वरचे दोन वर्ग) दर्जाची हवी, किंवा त्याखालचा टू-टू असेल तर वरची एखादी संबंधित पदवी हवी. आपल्याकडच्या डिग्रीचा इथला दर्जा काय धरायचा यासाठी यूके एनिककडून तुलनेचं प्रमाणपत्र मिळतं, ते वेळेत काढून ठेवा कारण अर्ज साधारण जानेवारीत उघडतात आणि खिडकी लहान असते. कामाच्या व्हिसाचा प्रश्न अर्ज करायच्या आधी सोडवा, नंतर नाही. मी स्वतः एका मुलीला बघितलंय, उत्तम तयारी, उत्तम इंटरव्ह्यू, आणि शेवटी कागदावर अडकली, तिच्यासाठी मला आजही वाईट वाटतं.

जागा कमी आणि अर्ज भरपूर असतात, पहिल्या वेळी नाही झालं तर ते तुमच्या हुशारीचं मोजमाप समजू नका. माझं दुसऱ्या वेळी झालं. मधल्या वर्षात मी एका लॅबमध्ये सँपल रिसेप्शनला काम केलं, ट्यूबवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळवणं, जन्मतारीख जुळवणं, न जुळल्यास फोन करणं. मला तेव्हा वाटायचं की वर्ष वाया चाललंय. आता कळतं की लॅबमधली सगळ्यात मोठी चूक सिक्वेन्सरमध्ये होत नाही, ती दारातच होते, जेव्हा एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर चढतं.

आणि एसटीपी हाच एक रस्ता नाही. लॅबमध्ये आधीच काम करत असाल तर इन-सर्व्हिस मार्गाने ट्रेनिंग करता येतं, आणि ज्यांच्याकडे बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे ते अकॅडमी फॉर हेल्थकेअर सायन्सकडे पोर्टफोलिओ देऊन इक्विव्हॅलन्स, म्हणजे आपला अनुभव एसटीपीच्या बरोबरीचा आहे अशी मान्यता घेतात. भारतात दहा वर्षं सायटोजेनेटिक्स (क्रोमोसोम तपासायचं काम) केलेल्या लोकांनी हे दुसरं नक्की बघावं, पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करायची गरज नसते.

इंटरव्ह्यूत काय विचारतात?

हीच शाखा का, एनएचएसची मूल्यं, आणि एखादी अवघड गोष्ट साध्या माणसाला समजावून सांगा. तिसऱ्याची तयारी घरी करा. आजीला फोनवर ‘रिसेसिव्ह’ म्हणजे काय ते सांगा (आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होणारा आजार), तिला कळलं तर पॅनेललाही कळेल.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

चुकीची. आणि चूक होते. माझ्याकडून एकदा ९६ खान्यांची प्लेट उलटी लागली, म्हणजे १८० अंशात फिरलेली, पहिल्या खान्यातलं सँपल शेवटच्या खान्याच्या जागी. मशीनला काय माहीत, त्याने मुकाट्याने रन केला. पकडलं ते कंट्रोलने, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं अशा सँपलनी. जिथे नुसतं पाणी होतं आणि काहीच दिसायला नको होतं तिथे छान पीक (आलेखातली शिखरं) आले, आणि जिथे यायला हवे होते ती जागा कोरी. पोटात गोळा आला. सुपरवायझरने आवाज चढवला नाही, म्हणाली चल, आधी लिहून काढू काय झालं ते. घटना नोंदवली, सगळी प्लेट पुन्हा लावली, एकही रिपोर्ट चुकीचा गेला नाही, पण काही पेशंटचे रिझल्ट एक दिवस उशिरा गेले. त्या दिवसापासून प्लेटचा कापलेला कोपरा बघितल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही.

हे मुद्दाम सांगतेय कारण बरीच मुलं विचारतात की चूक झाली तर काढून टाकतात का. लपवली तर गंभीर होतं. सांगितली तर ती लॅबच्या नोंदीत जाते, कारण शोधलं जातं, पद्धत बदलते. आमच्या पद्धतीत प्लेटचा फोटो काढायची पायरी त्यानंतर आली.

गर्भाच्या टेस्टचं काम कसं असतं?

हे काम मला सगळ्यात जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

सीव्हीएस म्हणजे वारेचा बारीकसा तुकडा, साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान घेतलेला. तो आला की पेट्री डिशमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. पांढऱ्या शेवाळासारख्या बारीक बारीक फांद्या दिसतात, त्यांना कोंब फुटल्यासारखे असतात, तो बाळाच्या बाजूचा भाग. आणि त्याला चिकटलेलं लालसर, फाटक्या कापडासारखं काही असतं ते आईचं. दोन बारीक चिमटे घेऊन आईचा भाग सोडवून काढायचा. घाई केली की फांद्या तुटतात, आणि नीट काढला नाही तर आपण बाळाऐवजी आईचंच डीएनए तपासतो आणि ‘सगळं नॉर्मल’ असा रिपोर्ट देऊन मोकळे होतो. म्हणून आईचं रक्तसुद्धा सोबत मागवतात आणि दोघांचे मार्कर (माणसामाणसांत लांबी बदलणारे डीएनएचे तुकडे) शेजारी लावून बघतात की सँपलमध्ये आई मिसळलेली नाही ना.

मग क्यूएफ-पीसीआर, म्हणजे कुठला क्रोमोसोम जास्तीचा आहे का ते बघायची झटपट टेस्ट. १३, १८ आणि २१ नंबरच्या क्रोमोसोमवरचे ठरावीक मार्कर बघायचे, २१ नंबरचे तीन असतील तर तो डाउन सिंड्रोम. दोन क्रोमोसोम असतील तर एका मार्करला दोन सारख्या उंचीचे पीक, जुळ्या शिखरांसारखे. तीन असतील तर तीन सारखे पीक, किंवा दोनच पण एक दुसऱ्याच्या दुप्पट. आईवडिलांकडून सारख्याच लांबीचा तुकडा आला असेल तर एकच पीक दिसतो, त्या मार्करवरून काहीच सांगता येत नाही, पुढचा बघायचा. एका मार्करवर विसंबून कधीच लिहायचं नाही. हे सगळं तीन दिवसांत, कारण तिकडे एक बाई झोपलेली नसते. पहिल्यांदा २१ वर ते तीन पीक स्वतःच्या डोळ्यांनी बघितले तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन आले. नंतर परत येऊन दुसरे मार्कर तपासले.

मग मुलगा की मुलगी ते तुम्हाला कळतंच की, सांगता का?

हा प्रश्न फक्त आपल्याकडून येतो आणि कुठून येतो ते मला माहीत आहे. ज्या आजारात लिंगाने फरक पडतो, उदाहरणार्थ एक्स क्रोमोसोमवरचे आजार, तिथे ते बघितलं जातं. एरवी आमच्या रिपोर्टवर ते लिहीत नाही. भारतात १९९४ चा पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा आहे आणि तो का आणावा लागला हे महाराष्ट्रातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. यापुढे या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

रिपोर्टमध्ये व्हेरियंट (डीएनएतला बदल) सापडला म्हणजे आजार पक्का ना?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज जितका लवकर जाईल तितकं बरं. आपल्या प्रत्येकाच्या डीएनएत साधारण ३०० कोटी अक्षरं आहेत आणि संदर्भासाठी धरलेल्या जिनोमशी तुलना केली तर कुठल्याही धडधाकट माणसात ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. त्यातले जवळपास सगळे निरुपद्रवी. आमचं काम म्हणजे त्या गर्दीतून एखादा, फार तर दोन, ज्यांचा या पेशंटच्या त्रासाशी संबंध असू शकतो ते शोधणं.

सापडलेल्या बदलाला पाचपैकी एक वर्ग देतात. एक म्हणजे निर्धोक, दोन म्हणजे बहुधा निर्धोक, पाच म्हणजे आजार करणारा, चार म्हणजे बहुधा आजार करणारा. आणि मधला तीन, म्हणजे व्हीयूएस, अर्थ न लागलेला बदल. यासाठी २०१५ मध्ये अमेरिकेतून आलेली एसीएमजीची (तिथल्या वैद्यकीय जेनेटिक्सच्या संस्थेची) नियमावली वापरतात, इथे तिच्यावर ब्रिटिश संस्थेच्या म्हणजे एसीजीएसच्या सूचना आहेत. पुराव्याचे कोड असतात, त्यांना वजन असतं, बेरीज करून वर्ग निघतो. ऐकायला गणित वाटतं पण प्रत्येक कोड लावायचा की नाही यावर दोन अनुभवी माणसं अर्धा तास वाद घालू शकतात. चौथ्या वर्गातलं ‘बहुधा’ म्हणजे ९० टक्क्यांच्या वर खात्री, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

उदाहरण घ्या. समजा एका लहान मुलाला तापात फिट येतात, आणि एससीएन१ए या जनुकात एक अक्षर बदललेलं सापडलं. हा बदल आधी कुणी नोंदवलेला नाही. सॉफ्टवेअर म्हणतं वाईट दिसतोय. एवढ्यावर तो तीनमध्येच राहतो. मग आईवडिलांचं रक्त मागवायचं. दोघांतही तो बदल नसेल, म्हणजे मुलातच नव्याने झाला असेल, तर पुराव्याचं वजन एकदम वाढतं आणि तो चार किंवा पाचमध्ये जाऊ शकतो, आणि मग डॉक्टर कुठलं औषध टाळायचं ते ठरवतात, कारण या आजारात फिट्सचीच काही औषधं त्रास वाढवतात. तोच बदल ठणठणीत वडिलांत निघाला तर गोष्ट उलटी फिरते. एकाच अक्षराचा अर्थ घरातल्या दुसऱ्या माणसाच्या रक्तावरून ठरतो, मला या कामात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे.

आणि तीन नंबरवर कुठलाही उपचार किंवा ऑपरेशन ठरवायचं नाही, धडधाकट नातेवाइकांना आपल्याला धोका आहे का ते बघायला त्याच्या टेस्टला पाठवायचं नाही (बदलाचा अर्थ लावायला घरच्यांचं रक्त मागवणं वेगळं). मला माहितेय की ‘कळत नाही’ हे उत्तर हातात पडलं की चिडचिड होते. पण खात्री नसताना खात्री लिहिली तर एखादी बाई विनाकारण स्तन काढून बसेल. ‘कळत नाही’ लिहायला मला दोन वर्षं लागली, म्हणजे शब्द सोपे आहेत, ते ठामपणे लिहायचं धैर्य हळूहळू येतं.

आपल्या लोकांचा डेटा कमी असतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि त्याचा फटका मी रोज बघते.

एखादा बदल लोकसंख्येत किती जणांत आहे हे बघायला जगभर नोमॅड नावाचा डेटाबेस वापरतात. २०२३ च्या शेवटी आलेल्या चौथ्या आवृत्तीत ८ लाखांहून जास्त लोकांचा डेटा आहे. त्यात युरोपीय वंशाचे साधारण ६ लाख, आणि दक्षिण आशियाई वंशाचे साधारण ४५ हजार. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ सगळे मिळून, म्हणजे जगातली जवळजवळ चौथा हिस्सा माणसं, आणि त्या डेटात वीस जणांत धड दोनसुद्धा आपले नाहीत. त्यातही आपल्याकडे प्रत्येक जातीत, जमातीत पिढ्यानपिढ्या आतल्या आत लग्नं, त्यामुळे एखादा बदल एका समाजात अगदी सर्रास आणि शेजारच्या समाजात औषधालाही नाही असं होतं. ‘दक्षिण आशियाई’ हा एकच रकाना आपल्याला पुरत नाही.

परिणाम असा की इंग्रज पेशंटमध्ये एखादा बदल सापडला आणि तो डेटाबेसमध्ये हजार जणांत असेल तर दोन मिनिटांत बाजूला ठेवता येतो. तसाच निर्धोक बदल एखाद्या साताऱ्याच्या बाईंमध्ये सापडला, जो कदाचित तिच्या अर्ध्या गावात असेल, तर डेटाबेस म्हणतो आम्ही कधी पाहिला नाही, आणि तो तीन नंबरला अडकतो. बाई घाबरते. नातेवाइकांचं रक्त मागवावं तर भाऊ कराडला, आई अंथरुणाला खिळलेली, वडील गेलेले. अशा वेळी स्क्रीनवर आडनाव वाचून माझा जीव तुटतो, कारण इथे विज्ञान कमी पडलेलं नसतं, आपली मोजणीच झालेली नसते.

भारतात जिनोमइंडिया प्रकल्पात १० हजार लोकांचे जिनोम वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला केला. ही खूप मोठी गोष्ट आहे. तुम्हाला कधी अशा अभ्यासात भाग घ्यायला कुणी विचारलं, सरकारी संस्था असेल आणि संमतीपत्र नीट समजावून सांगत असतील, तर माझी विनंती आहे, हो म्हणा.

बीएस्सीला शिकलेलं काही उपयोगी पडतं का?

खूप. फक्त काही गोष्टी बदलल्यात. सिकलसेलचं आपण काय पाठ केलं होतं, बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटॅमिक अॅसिडऐवजी व्हॅलीन. आता रिपोर्टमध्ये ती सातवी जागा लिहितात, कारण आजच्या पद्धतीत सुरुवातीचं मिथिओनिनही मोजतात. बदल तोच, आकडा वेगळा. जुना शोधनिबंध वाचताना हे ध्यानात नसेल तर माणूस भलताच बदल समजून बसतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल घराघरात माहीत असलेला शब्द आहे, चंद्रपूरला आयसीएमआरचं (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे, त्यामुळे तिकडच्या मुलामुलींनी तर या क्षेत्रात नक्की यावं, तुम्ही जे बघत मोठे झालात ते इथे लोक पुस्तकातून शिकतात.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलं आजारी होतात का?

आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं होत आलीत, त्यामुळे हा प्रश्न दबक्या आवाजात येतो. सरळ उत्तर असं. कुठल्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात गंभीर दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते, सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं निरोगीच होतात. पण घरात आधीच एखादा रिसेसिव्ह आजार असेल, थॅलेसेमिया असेल, लहान वयात मुलं गेली असतील, तर गणित बदलतं आणि लग्नाआधी किंवा गरोदरपणाआधी जेनेटिक काउन्सेलरला भेटायलाच हवं. थॅलेसेमियाचे दोन वाहक (स्वतः निरोगी, पण एक बिघडलेली प्रत असलेले) एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची २५ टक्के शक्यता, मग ते नात्यातले असोत वा नसोत.

आईवडील नात्यातले असले की आम्हाला मायक्रोअॅरेवर (सगळे क्रोमोसोम एकदम तपासायची टेस्ट) दिसतं की आईकडून आणि वडिलांकडून आलेले डीएनएचे लांबच लांब पट्टे अगदी सारखे आहेत. ते रिपोर्टमध्ये लिहिताना शब्द जपून वापरतो. तो कागद वाचून कुणालाही आपल्या लग्नाची लाज वाटायला नको.

आता सगळं कॉम्प्युटरच करतो ना?

गाळणी कॉम्प्युटर लावतो, निवडतो माणूस. २०१८ पासून इंग्लंडमध्ये जिनोमिक मेडिसिन सर्व्हिस आहे, सात विभागीय लॅब-हब आहेत, आणि कुठल्या पेशंटला कुठली टेस्ट मिळेल याची एक राष्ट्रीय यादी आहे, तिच्यातले कोड आम्ही नावासारखे वापरतो. आर२०८ म्हटलं की स्तनाचा आणि बीजांडाचा आनुवंशिक कॅन्सर, आर१८४ म्हटलं की सिस्टिक फायब्रोसिस. आर१४ म्हणजे अतिदक्षता विभागातलं आजारी बाळ, त्याचा आणि आईवडिलांचा अख्खा जिनोम घाईने वाचायचा, ही सेवा २०२२ पासून एक्सेटरहून देशभर चालते. त्या लाखो बदलांतून सॉफ्टवेअर मोजकेच पुढे आणतं, आणि मग कुणीतरी बसून विचार करावा लागतो की या बाळाच्या लक्षणांशी हे जुळतं का.

आणि सॉफ्टवेअरच्या भरवशाबद्दल एकच सांगते. एक्सेल काही जनुकांची नावं तारीख समजून बदलून टाकायचं, मार्च१ चं होई १ मार्च. इतक्या शोधनिबंधांत हे घोळ निघाले की २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलली, आता ते मार्चएफ१ आहे, सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं.

वाईट बातमी लिहून त्रास होत नाही का?

होतो. एकदा एका रिपोर्टवरची जन्मतारीख आणि माझ्या भाचीची जन्मतारीख एकच निघाली. तो रिपोर्ट मी तीनदा वाचला, एकही शब्द बदलायचा नव्हता तरी. संध्याकाळी ताईला व्हिडिओ कॉल केला, काही बोलले नाही, नुसतं भाचीला खेळताना बघितलं. आमच्या टीममध्ये हे बोलायची पद्धत आहे, चहाला बसलं की कुणी ना कुणी म्हणतं आजची केस जड होती. ज्या लॅबमध्ये असं कुणी म्हणत नाही तिथे ट्रेनीने स्वतःहून म्हणायला सुरुवात करावी.

पण दुसरी बाजूही आहे. ज्या घरात पाच-सहा वर्षं मुलाला काय झालंय ते कुणाला सांगता आलेलं नाही, तिथे आजाराचं नाव कळलं तरी आईवडिलांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. बऱ्याच आया समजत असतात की आपण गरोदरपणात काहीतरी खाल्लं म्हणून असं झालं. आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट येतं की नाही, हा बदल नव्याने झालेला आहे.

पोर्टफोलिओ आणि शेवटची परीक्षा?

तीन वर्षं ऑनलाइन पोर्टफोलिओ भरायचा. प्रत्येक कौशल्याचा पुरावा, केसवर चर्चा, कुणीतरी समोर उभं राहून बघितलेलं काम, आपण त्यातून काय शिकलो ते. काम झालं त्याच आठवड्यात लिहा, तिसऱ्या वर्षापर्यंत साठवलंत तर झोप उडेल. शेवटी स्वतंत्र मूल्यमापन असतं, ते आणि एमएस्सी दोन्ही पार पडलं की अकॅडमीचं प्रमाणपत्र आणि मग एचसीपीसीची नोंदणी.

पुढे काय?

बँड ७, मग हळूहळू सीनियर. कन्सल्टंट व्हायचं तर पाच वर्षांचं एचएसएसटी म्हणजे वरच्या पातळीचं सायंटिस्ट ट्रेनिंग आणि रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सच्या परीक्षा. मी आधी नोंदणी होऊ दे म्हणतेय.

भारतात परत येऊन काय करशील?

यायचंय. भारतात काम भरपूर आहे. केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाने २०१९ मध्ये उम्मीद हा कार्यक्रम सुरू केला, सरकारी हॉस्पिटलांत आनुवंशिक आजारांच्या निदानाची केंद्रं आणि डॉक्टरांना ट्रेनिंग. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची म्हणजे रक्ताच्या आजारांवरची संस्था आहे, हैदराबादला सीडीएफडी ही डीएनए तपासणी आणि निदानाची संस्था आहे. मला करायचंय ते एवढंच, की मराठी घरातल्या बाईला तिचा रिपोर्ट कळेल अशा मराठीत समजावून देणारं कुणीतरी लॅबच्या बाजूने असावं. त्यासाठी शब्द जमवतेय. ‘कॅरिअर’ला ‘वाहक’ चालतं. ‘पेनेट्रन्स’ला (बदल असलेल्यांपैकी किती जणांना आजार होतो ते) अजून चांगला शब्द सापडला नाही, कुणाला सुचला तर सांगा.

आमचा रिपोर्ट पाठवते, जरा बघून सांगशील का?

नाही, आणि कृपया रागावू नका. मी नोंदणीकृत नाही, तुमची तब्येत मी तपासलेली नाही, आणि फोनवर आलेल्या एका पानावरून बोलणं म्हणजे दाराशी न जुळवलेली ट्यूब मशीनमध्ये टाकण्यासारखं आहे. ज्या डॉक्टरने टेस्ट सांगितली त्यांच्याकडे जा, जेनेटिक काउन्सेलर आहे का विचारा, मोठ्या शहरांत आता मिळतात.

जाताना मात्र तयारी करून जा. कागदावर घराण्याचा तक्ता काढा, दोन्ही बाजूंचा, आजी-आजोबांपर्यंत तरी. कोण कशाने गेलं, किती वर्षांचं असताना, कुणाची मुलं लहानपणी गेली, कुणाचं लग्न नात्यात झालं. हे आईवडिलांना नीट आठवत नसेल तर घरातल्या सगळ्यात थोरल्या आत्याला विचारा, तिला सगळं माहीत असतं आणि तिला आत्तापर्यंत कुणी विचारलेलं नसतं. जुने रिपोर्ट फेकू नका, निकालाचं सगळं पान, लॅबचं नाव आणि तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. नुसतं ‘बीआरसीए (स्तनाच्या आणि बीजांडाच्या कॅन्सरशी संबंधित जनुक) पॉझिटिव्ह आहे’ एवढं सांगून आम्हाला काही करता येत नाही, नक्की कुठला बदल ते अक्षरासकट हवं असतं, ते असलं की नातेवाइकाची टेस्ट सोपी आणि स्वस्त होते.